स्कर्व्ही-ग्रास: एका रानपाल्याचा इतिहास आणि संशोधकासाठी पाच प्रश्न

पीएचडीचा विषय शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींचा एक नेहमीचा प्रश्न असतो: "औषधी वनस्पतींवर इतिहासाच्या अंगाने काम करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" बहुतेक जण एखादी वनस्पती निवडतात, तिचे 'प्राचीन काळापासूनचे उपयोग' गोळा करतात आणि शेवटी 'आधुनिक विज्ञानानेही हे सिद्ध केले आहे' असं वाक्य जोडून मोकळे होतात. असा निबंध वाचायला बरा वाटतो, पण त्याला संशोधन म्हणता येत नाही. का, ते एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण आहे स्कर्व्ही-ग्रास. नावात ग्रास असलं तरी हे गवत नाही. मोहरीच्या कुळातली, म्हणजे मोहरी, मुळा, कोबी, अहाळीव यांची ही भाऊबंद. शास्त्रीय नाव कॉक्लेरिया ऑफिसिनॅलिस. लॅटिनमध्ये 'कॉक्लेअर' म्हणजे चमचा, आणि हिची पानं चमच्यासारखी, जाडसर, चकचकीत असतात. जर्मन भाषेतही तिला 'चमचा-पाला' अशा अर्थाचंच नाव आहे. 'ऑफिसिनॅलिस' म्हणजे औषधविक्याच्या कोठारातली. लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं, तेव्हा ती खरोखरच युरोपातल्या औषधविक्यांकडे ठेवलेली असे.

ही मूळची उत्तर युरोपच्या समुद्रकिनाऱ्यावरची. खारवट जमीन, भरतीच्या पाण्याने भिजणारा चिखल, कड्यांच्या कपारी ही तिची जागा. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा गुच्छ येतो आणि तो हिवाळ्यात टिकतो; दुसऱ्या वर्षी चार पाकळ्यांची पांढरी फुलं आणि गोल शेंगा. खारं पाणी ती सोसते, पण तिला मीठ लागतंच असं नाही. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकात लोकांनी ती बागेत आणली. सावली आणि ओल असलेल्या जागी बी टाकलं की उगवते, फारशी निगा लागत नाही. इंग्लंडमध्ये 'बागेतली' आणि 'समुद्राची' असे दोन प्रकार औषधांच्या पुस्तकांत वेगळे सांगितले जात. त्यातला समुद्राचा म्हणजे बऱ्याचदा कॉक्लेरिया वंशातलीच दुसरी, जास्त खारट जात.

तिचा उपयोग नावातच आहे: स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात, जुन्या भरलेल्या जखमा उघडतात आणि शेवटी माणूस मरतो. कारण आज आपल्याला ठाऊक आहे. आहारात क जीवनसत्त्व नसलं की शरीर कोलॅजन नीट बनवू शकत नाही. ताज्या स्कर्व्ही-ग्रासमध्ये हे जीवनसत्त्व असतं. मग झालं की! 'लोकांना आधीच माहीत होतं, विज्ञानाने नंतर सिद्ध केलं.' निबंध संपला?

थांबा. आता पाच प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: नाव तेच, पण झाड तेच आहे का?

जेम्स कुक १७६९ साली न्यूझीलंडला पोचला, तेव्हा त्याने खलाशांसाठी किनाऱ्यावरून 'स्कर्व्ही-ग्रास' आणि रानटी सेलरी गोळा करवली. ती ओटमील आणि सुक्या सूपच्या वड्यांबरोबर शिजवून सकाळी वाढली जाई. कुकच्या नोंदीत शब्द 'स्कर्व्ही-ग्रास' आहे, पण झाड वेगळं आहे. ते लेपिडियम ओलेरेशियम, माओरी लोकांचं 'नाऊ'. म्हणजे आपल्या अहाळीवाच्या वंशातलं. आज ते न्यूझीलंडमध्ये दुर्मीळ आणि धोक्यात आलेलं झाड आहे.

फॉकलंड बेटांवरच्या 'स्कर्व्ही-ग्रास'चं तर मोहरीच्या कुळाशी नातंच नाही. ती आपल्या आंबुशीच्या वंशातली, ऑक्झॅलिस. दक्षिण हिंदी महासागरातल्या कर्गुलेन बेटावरचा 'कर्गुलेन कोबी' मात्र मोहरीच्या कुळातलाच. त्याचं शास्त्रीय नाव प्रिंग्लिया अँटिस्कॉर्ब्युटिका, म्हणजे नावातच 'स्कर्व्हीविरोधी'.

बघा, 'स्कर्व्ही-ग्रास' हे एका झाडाचं नाव न राहता एका कामाचं नाव झालं होतं. नव्या किनाऱ्यावर उतरायचं, तिखट किंवा आंबट हिरवा पाला शोधायचा आणि त्याला ओळखीचं नाव द्यायचं. तुमच्या साधनांत एखादं वनस्पतीचं नाव आलं की ताबडतोब आजचं शास्त्रीय नाव चिकटवू नका. आधी जागा बघा, वर्णन बघा, जमल्यास हर्बेरियममधला नमुना बघा. आपल्याकडे एकच संस्कृत नाव केरळात एका झाडाला आणि महाराष्ट्रात दुसऱ्याला लावलं जातं, हे वैद्यांना चांगलं ठाऊक असतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही ते ध्यानात ठेवायला हवं.

दुसरा प्रश्न: आजाराचं नाव तेच, पण आजार तोच आहे का?

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये स्कर्व्ही-ग्रास घातलेली बिअर लोक सकाळी पीत. तिचे अर्क बाटल्यांतून विकले जात आणि विक्रेते एकमेकांविरुद्ध जाहिराती छापत. पण लंडनच्या रस्त्यावरच्या इतक्या लोकांना खरोखर क जीवनसत्त्वाची कमतरता होती का? काहींना असेलही. उत्तर युरोपात हिवाळ्याच्या शेवटी साठवणीचं धान्य, खारवलेलं मांस आणि वाळलेले वाटाणे एवढंच ताटात उरे, आणि वसंताच्या तोंडावर हिरड्या दुखायला लागत. त्या वेळी किनाऱ्यावर हिरवा असलेला पाला नक्कीच उपयोगी पडत असणार. पण त्याच काळात 'स्कर्व्ही' हा शब्द थकवा, अंगदुखी, खाज, उदासी अशा कशालाही लावला जात होता. आंद्रेआस म्योलेनब्रोक या जर्मन वैद्याने १६७४ साली फक्त या वनस्पतीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, 'कॉक्लेरिया क्युरिओसा', आणि दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. एवढी मागणी एकट्या हिरड्यांच्या आजाराने निर्माण होत नसते.

म्हणून 'स्कर्व्हीवर गुणकारी' असं जुन्या पुस्तकात सापडलं, तर त्याचा अर्थ 'क जीवनसत्त्वाच्या कमतरतेवर गुणकारी' असा आपोआप होत नाही. आजचं निदान जुन्या शब्दावर लादायचं असेल, तर लक्षणांचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल.

तिसरा प्रश्न: कोणत्या रूपात वापरली?

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, कारण माणसं जगली की मेली हे यावर ठरलं.

क जीवनसत्त्व नाजूक असतं. वाळवलं, उकळलं, तांब्याच्या भांड्यात ठेवलं, जास्त दिवस साठवलं की ते कमी होत जातं. ते वाफेबरोबर उडून पलीकडच्या भांड्यात जात नाही, त्यामुळे ऊर्ध्वपातन करून काढलेल्या अर्कात ते येतच नाही. मग लंडनचा तो बाटलीतला अर्क? त्यात या वनस्पतीचा तिखट झणका पुरेपूर होता, क जीवनसत्त्व मात्र नव्हतं.

तिखटपणा येतो कुठून? मोहरी वाटली की नाकात जो झणका जातो, तोच हा. या कुळातल्या वनस्पतींत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात. पान चुरडलं की पेशीतलं एक विकर त्यांच्यावर काम करतं आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. हे उडनशील असतं, म्हणून ते अर्कात उतरतं. त्या काळच्या वैद्यांना वाटलं, औषधाचा जीव या झणक्यातच आहे. तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नव्हता: स्कर्व्हीत शरीर जड, सुस्त, कुजल्यासारखं होतं, आणि हा पाला तीक्ष्ण, जागं करणारा. जे नाकाला कळत होतं, तेच त्यांनी जपलं. जे कळत नव्हतं, ते भट्टीत गेलं.

१७२०च्या सुमारास हंगेरीत ऑस्ट्रियन बादशाही सैन्यात स्कर्व्हीची मोठी साथ होती. लष्करी वैद्य क्रामर याने मदत मागितली, तेव्हा व्हिएन्नाहून स्कर्व्हीविरोधी पाल्याचा वाळवलेला साठा आला. काहीच उपयोग झाला नाही आणि सैनिक मरत राहिले. क्रामरने पुढे लिहून ठेवलं की ताजा पाला किंवा संत्र्या-लिंबाचा रस मिळाला तर हा आजार इतर औषधाशिवाय बरा होतो. व्हिएन्नातल्या लोकांनी योग्य वनस्पती पाठवली होती, पण चुकीच्या रूपात. तुम्ही फक्त वनस्पतींच्या नावांची यादी केलीत, तर हा फरक तुम्हाला कधी दिसणारच नाही.

चौथा प्रश्न: सांगतंय कोण आणि कशासाठी?

आता ताज्या पाल्याची गोष्ट. १७४१ साली व्हिटस बेरिंगचं जहाज 'सेंट पीटर' कामचाट्काहून अलास्काच्या दिशेने गेलं. जहाजावर सुमारे ७७ माणसं होती. त्यांत गेऑर्ग स्टेलर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ होता. परतताना, ऑगस्टच्या अखेरीस, जहाज शुमागिन बेटांपाशी पाण्यासाठी थांबलं तेव्हा बेरिंगसह बरेच जण आजारी होते. स्टेलर लिहितो की जहाजावरच्या औषधपेटीत लढाईच्या जखमांसाठी मलमं आणि तेलं भरपूर होती, पण स्कर्व्हीसाठी काही नव्हतं. त्याने सगळ्यांना पुरेल इतका पाला तोडायला काही माणसं मागितली. ती मिळाली नाहीत. मग त्याने स्वतःपुरता आणि बेरिंगपुरता पाला गोळा केला. त्यात कॉक्लेरियाही होता. अंथरुणाला खिळलेला बेरिंग तो कच्चा पाला खाऊन आठ दिवसांत पुन्हा चालायला लागला, असं स्टेलर नोंदवतो.

पाला संपला आणि आजार परतला. नोव्हेंबरमध्ये जहाज एका निर्जन बेटाला लागलं. तिथे डिसेंबरात बेरिंग वारला. आज त्या बेटाला त्याचंच नाव आहे. जे ४६ जण पुढच्या उन्हाळ्यात परतले, त्यांना समुद्री प्राण्यांच्या ताज्या मांसाने आणि बेटावर उगवलेल्या हिरव्या पाल्याने तगवलं.

ही गोष्ट इतकी सुरेख आहे की ती तशीच उचलून प्रबंधात टाकावीशी वाटते. पण स्टेलरची रोजनिशी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो अधिकाऱ्यांवर रागावलेला होता आणि 'माझं ऐकलं नाही' हे सिद्ध करणं त्याला महत्त्वाचं होतं. दोन, त्याच मुक्कामात त्याने आणखी एक आग्रह धरला होता: डबक्यातलं मचूळ पाणी भरू नका, त्याने स्कर्व्ही वाढेल. पाल्याबाबत तो बरोबर होता, पाण्याने स्कर्व्ही होतो हे चूक. एकाच माणसाने, एकाच ठिकाणी, सारख्याच खात्रीने केलेली ही दोन विधानं. आपण पहिलं उचलतो आणि दुसरं गाळतो, तेव्हा आपण इतिहास लिहीत नसतो. निकाल माहीत असलेल्या परीक्षेचा पेपर तपासत असतो.

मग स्टेलरवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा, पण दुसऱ्या साक्षीदाराला विचारून. त्याच जहाजावरचा लेफ्टनंट स्वेन वॅक्सेल याने वेगळा वृत्तान्त लिहिला. त्यातही आशय हाच की हिरवं काही खायला मिळेपर्यंत माणसं पूर्ण बरी झाली नाहीत. वॅक्सेल स्टेलरच्या बाजूचा माणूस नव्हता, तो जहाजाच्या अधिकाऱ्यांपैकी होता. म्हणून त्याच्या साक्षीला जास्त वजन.

पाचवा प्रश्न: अपयश कुठे नोंदलंय?

२० मे १७४७ रोजी 'सॅलिस्बरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर सर्जन जेम्स लिंडने स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. बाकी आहार सगळ्यांना सारखा. एका जोडीला सायडर, एकीला सल्फ्युरिक ॲसिडचं औषध, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहाव्या जोडीला लसूण, मोहरी, मुळ्याच्या जातीचं मूळ, पेरू बाल्सम आणि बोळ यांची जायफळाएवढी गोळी. सहा दिवसांत संत्री-लिंबूवाल्यांपैकी एक जण कामावर जाण्याइतका सुधारला. सायडरवाल्यांना थोडा फरक पडला. बाकीच्यांना काही नाही.

सगळेजण या प्रयोगातलं लिंबू लक्षात ठेवतात. तुम्ही सहावी जोडी बघा. मोहरी आणि मूळ म्हणजे आपल्याच कुळातली मंडळी, झणका भरपूर, आणि गुण शून्य. 'तिखटपणातच औषध आहे' या समजुतीला तडा जाण्यासाठी पुरावा इथे होता. पण लिंडला तो प्रश्नच पडलेला नव्हता, म्हणून त्याने तसं वाचलं नाही. त्याने १७५३च्या ग्रंथात क्रामरचा वाळलेल्या पाल्याचा अनुभवही नोंदवला; आणि त्याच ग्रंथात संत्र्या-लिंबाचा रस मंद आचेवर आटवून साठवण्याची कृतीही दिली. त्या आटवण्यात रसाचा बराचसा गुण जात होता. पुरावा हातात होता, पण 'ताजेपणा' ही वेगळी बाब म्हणून मोजायची असते, हे अजून कुणाच्या मनात नव्हतं.

त्या काळच्या ब्रिटिश औषधकोशांत 'स्कर्व्हीचे रस' नावाची कृती मिळते. त्यात स्कर्व्ही-ग्रास आणि वॉटरक्रेसच्या रसाबरोबर सेव्हिल संत्र्याचा रसही आहे. रुग्ण बरा झाला तर श्रेय कुणाचं? मिश्रण असेल तर 'लोकांना या वनस्पतीचा गुण माहीत होता' हे वाक्य फार जपून लिहायला हवं.

१७९५पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमित मिळू लागला आणि स्कर्व्ही-ग्रास हळूहळू कोठारातून बाहेर गेलं. पण गोष्ट सरळ रेषेत पुढे गेली नाही. १८६०च्या दशकात आरमाराने भूमध्य प्रदेशातल्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजच्या 'लाइम'चा रस घ्यायला सुरुवात केली. दोन्ही आंबट, म्हणजे दोन्ही सारखेच, असा हिशोब. पुन्हा जिभेवर विश्वास! जॉर्ज नेअर्सच्या १८७५-७६च्या उत्तर ध्रुवीय मोहिमेत लाइम ज्यूसचा साठा असूनही स्कर्व्ही पसरला आणि लिंबाच्या रसावरचाच विश्वास डळमळला. बिघडलेल्या मांसातल्या विषाने स्कर्व्ही होतो, असं अनेक डॉक्टर म्हणू लागले.

याची किंमत पुढच्या पिढीने मोजली, आणि त्यात आपली माणसंही होती. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढा पडला. आत अडकलेलं सैन्य होतं ६वी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी नव्हती. ब्रिटिश सैनिकांनी घोड्याचं ताजं मांस खाल्लं. भारतीय सैनिकांनी धर्माच्या कारणाने ते बराच काळ नाकारलं, आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. वेढ्याच्या आत भाजीचं बी पेरलं गेलं, आसपासचा रानपाला खुडून आणला गेला. सतराव्या शतकातला किनाऱ्यावरचा शेतकरी वसंतात जे करत होता, तेच.

महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी हा गुंता सोडवला. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी दाखवलं होतं की गिनीपिगला माणसासारखाच स्कर्व्ही होतो. चिकच्या गटाने गिनीपिगवर वेगवेगळे पदार्थ तपासले. लाइमचा रस ताज्या लिंबाच्या रसाच्या साधारण एक चतुर्थांश गुणाचा निघाला. कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीविरोधी गुण नव्हता, पण मोड आले की तो येत होता. म्हणजे मटकीची पिशवी आणि भिजवायला पाणी एवढ्यावरही काही हाताशी आलं असतं. याच गटातल्या ॲलिस हेंडरसन स्मिथने १९१९ साली जुनी कागदपत्रं चाळून दाखवून दिलं की 'लिंबू' आणि 'लाइम' हे शब्द आरमाराच्या नोंदींत सरमिसळ झाले होते, आणि म्हणून जुनी यशं व नवी अपयशं एकमेकांविरुद्ध उभी राहिली होती. प्रयोगशाळेतला गोंधळ सोडवायला कागदपत्रांचा इतिहास लागला. 'इतिहास वाचून विज्ञानाला काय फायदा?' असं कुणी विचारलं, तर हे उदाहरण जवळ ठेवा.

आता तुमचं काम

स्कर्व्ही-ग्रास आज औषध म्हणून जवळपास कुणी वापरत नाही. तिची एक बहीण, कॉक्लेरिया डॅनिका, मात्र गेल्या काही दशकांत ब्रिटनच्या महामार्गांच्या कडेने झपाट्याने पसरली आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठामुळे तिला आतल्या प्रदेशातही समुद्रकिनारा सापडला. गाड्यांतून जाणारे तिला ओळखत नाहीत.

मराठीत काम करायचं असेल, तर याच कुळातलं अहाळीव घ्या. ते आपल्याकडे रानटी नाही, लागवडीचं आहे. भावप्रकाशात ते चंद्रशूर म्हणून येतं, आणि बाळंतिणीच्या लाडवांत आजही असतं. पण 'अहाळीवात लोह भरपूर, म्हणून आजीला सगळं माहीत होतं' इथे थांबू नका. ग्रंथातलं चंद्रशूर आणि दुकानातलं अहाळीव एकच आहे हे कशावरून? ते कशासाठी देत होते, दूध यावं म्हणून, कंबर भरावी म्हणून, की वातासाठी? भिजवून, भाजून, की नारळ-गुळात शिजवून? लिहून ठेवणारा कोण होता, वैद्य, छापील पाककृतीची लेखिका, की गॅझेटियरचा इंग्रज अधिकारी? आणि दिलं पण उपयोग झाला नाही, अशी एक तरी नोंद कुठे आहे का?

या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. गुण आल्याच्या नोंदी पानोपानी सापडतील. व्हिएन्नाच्या वाळल्या पाल्यासारखी एखादीच असते, आणि ती शोधावी लागते.